पाल्य, पालक आणि शाळेची भाषा

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेले भाषण)



शाळेच्या प्रवेश अर्जावर पाल्य आणि पालक हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. पाल्याच्या नावापुढे जन्मतारीख, जन्मस्थळ, मातृभाषा, आधीची शाळा अशी बरीच माहिती भरावी लागते. पालकाच्या वाट्याला नाव, व्यवसाय, पत्ता आणि शेवटी सही एवढेच येते. पालकाकडून शाळेला काय हवे आहे, याचा हिशेब बहुतेक शाळांच्या दप्तरात त्या सहीपाशी संपतो. पालकांचाही शाळेविषयीचा हिशेब पुष्कळदा तेथेच संपतो: मूल दारापर्यंत सोडावे, शुल्क भरावे आणि निकालाच्या दिवशी गुणपत्रिका घेऊन जावे. साठ वर्षे पूर्ण झाल्याच्या आनंदात शाळेच्या गौरवाचे शब्द या समारंभात पुष्कळ बोलले गेले आहेत आणि ते यथार्थ आहेत. या भाषणाचा विषय मात्र तो सहीचा रकाना आहे.

बडोद्याच्या भूमीला हा विषय अपरिचित नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1893 साली अमरेली भागातील काही गावांत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 साली ते संपूर्ण संस्थानाला लागू केले. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकास त्या कायद्याने दंड होत असे. शेतात, गुरांमागे, धाकट्या भावंडांच्या पाळण्यापाशी मुलांचे हात लागत होते. दंडाची भीती नसती तर पहिल्या पिढीतील कित्येक मुलांनी पाटी पाहिलीच नसती. नामदार गोखले यांनी 1911 साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. विधेयक फेटाळले गेले, आणि साऱ्या देशातील मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळण्यासाठी 2009 साल उजाडावे लागले. दरम्यान 2002 सालच्या घटनादुरुस्तीने आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले होते. 2009च्या कायद्याने तर सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे सांगितले. शंभर वर्षांत पालक आरोपीच्या पिंजऱ्यातून निघून समितीच्या खुर्चीवर येऊन बसला. परंतु खुर्चीवर बसलेल्या माणसाने मुलासाठी नेमके काय करावे, हे कायदा सांगू शकत नाही. त्यासाठी याच गुजरातेतील एका वकिलाकडे वळावे लागते.

गिरिजाशंकर, म्हणजेच गिजुभाई, बधेका यांचा जन्म 1885चा. आफ्रिकेत काही काळ काढून आल्यावर ते सौराष्ट्रातील वढवाण येथे वकिली करू लागले. 1913 साली त्यांना मुलगा झाला आणि या मुलाला कसे वाढवावे, असा साधा प्रश्न त्या पित्याला पडला. स्वतःच्या शाळेच्या आठवणी छडीच्या होत्या. त्याच वाटेने मुलाला पाठवावे, असे त्यांना वाटेना. त्या शोधात मारिया मॉन्टेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले. पुढे वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि 1920 साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. गुजरातेने त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, हे नाव दिले. आधुनिक भारतातील बालशिक्षणाचा एक मोठा प्रवाह असा एका बापाच्या काळजीतून निघाला, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात जेवढी ठळक दिसावयास हवी तेवढी दिसत नाही. पदवी आणि प्रशिक्षण यांच्या आधी तेथे आपल्या मुलाकडे नीट पाहणारा एक पालक होता.

गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक अध्यापक विद्यालयांतून गेली अनेक दशके वाचले जाते. चौथीच्या वर्गावर नवे प्रयोग करण्याची परवानगी मागून घेणाऱ्या एका शिक्षकाची ती कथा आहे. पहिल्याच दिवशी हा शिक्षक मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि पुरता फसतो. वर्ग गोंधळ घालतो, आणि दुसऱ्या दिवशी तो निमूटपणे गोष्टीपासून प्रारंभ करतो. बी. एड.च्या विद्यार्थ्यांना हा भाग फार आवडतो, कारण पहिल्या तासाची फजिती प्रत्येकाच्या ओळखीची असते. त्याच पुस्तकात पुढे पालकांची सभा येते. शिक्षक सर्वांना बोलावतो, पोटतिडकीने बोलायचे ठरवतो, आणि सभेस येतात ते अगदी थोडे. पुस्तक लिहिले गेले त्याला नव्वद वर्षे उलटली. पालकसभेच्या दिवशी ते उघडून वाचल्यास शिक्षकांना थोडा धीर येतो. गिजुभाईंनी मात्र पालकांचा नाद सोडला नाही. आईबाप होणे किती कठीण आहे, या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले, पालकांसाठी लहानमोठे लेखन सातत्याने केले. मुलाच्या वतीने मोठ्यांशी बोलणे हे आपल्या कामाचे अर्धे अंग आहे, असे ते मानीत.

या कामात त्यांना मिळालेली सहकारी मराठी होती, याचा अभिमान बृहन्महाराष्ट्राने अवश्य बाळगावा. ताराबाई मोडक राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ते मानाचे पद सोडून, पदरी लहान मुलगी असताना, त्या 1923 साली भावनगरला गेल्या. गुजरातीत काम केले, गुजरातीत लिहिले, 'शिक्षण पत्रिका' चालविली आणि पुढे तीच पत्रिका मराठीतही आणली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यात गिजुभाईंच्या बरोबरीने त्या होत्या. दादरच्या शिशुविहारानंतर 1945 साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या, तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. संस्थेचे नाव ग्राम बाल शिक्षा केंद्र. (मराठी कानाला येथे 'शिक्षा' हा शब्द थोडा खटकतो, हिंदीत ज्याला विद्या म्हणतात त्याला मराठीने दंडाचा अर्थ देऊन ठेवला आहे. जुन्या शाळांकडे पाहता मराठीचे फारसे चुकलेही नसावे.)

बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर या दोघींपुढे उभा राहिलेला प्रश्न शहरातील शाळांना ठाऊक नव्हता. बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुले तेथवर येईनात. तेव्हा मुले का येत नाहीत म्हणून आईबापांना बोल लावण्याऐवजी बालवाडीच उठून वस्तीत गेली आणि एखाद्या घरापुढच्या अंगणात बसली. तिचे नाव अंगणवाडी. 1975 साली देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द भारतभर पोहोचला. गुरे राखणारी मुले वर्गात येणे अशक्य होते, म्हणून शिक्षक साहित्य घेऊन कुरणात गेले, ती कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहते, म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर आले. मॉन्टेसरींची परदेशी साधने परवडणारी नव्हती. शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांनी त्यांची जागा घेतली. ज्या आईने कधी शाळा पाहिली नव्हती, तिच्या अंगणात आता शाळा भरत होती आणि शिकवण्यासाठी वापरलेली प्रत्येक वस्तू तिच्या ओळखीची होती. काय चालले आहे ते तिला दिसत होते, आणि म्हणून त्याविषयी ती मुलाशी बोलू शकत होती.

पालक जे पाहू शकतो आणि ज्याविषयी बोलू शकतो, त्यातच त्याला भाग घेता येतो. येथून विषय या सभागृहाकडे वळतो.

व्यासपीठावरचा फलक माजी विद्यार्थ्यांनी येताच वाचला. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांपैकी काहींनी तो आईकडून वाचवून घेतला. गुजरातेत, मध्य प्रदेशात, तेलंगणात, कर्नाटकात, दिल्लीत जेथे जेथे मराठी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या, तेथील बहुतेकांची कहाणी आता अशीच आहे. द्विभाषिक मुंबई राज्याचे 1960 साली विभाजन झाले, त्यानंतरच्या वर्षांत या शहरातील मराठी कुटुंबांनी येथेच राहायचे आणि मुलांना मराठीतून शिकवायचे ठरविले, म्हणून ही शाळा निघाली. त्या कुटुंबांची नातवंडे आज अन्य शाळांत आहेत. त्यामागची कारणे क्षुद्र नाहीत. बदलीच्या नोकरीत दर तीन वर्षांनी मराठी शाळा कोठून आणावी? महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी इंग्रजीतील व्याख्यान ऐकताना मागच्या बाकावर झालेली घालमेल ज्याने सोसली, त्याने ती आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये असे म्हटले, तर त्यात गैर काय? या शाळेवर ज्यांचे मनापासून प्रेम आहे, अशांनीही पुष्कळ विचार करूनच तो निर्णय घेतला.

परंतु त्या विचारात एक बाब बहुधा राहून जाते. माध्यम मुलासाठी निवडले जाते, असे सारेच समजतात. प्रत्यक्षात त्याच दिवशी आई, वडील, आजी, आजोबा यांचे मुलाच्या शिक्षणातील स्थानही ठरून जाते. ज्या घरात इंग्रजी सहजतेने वाचली-बोलली जाते, तेथे काही बिघडत नाही. आईवडील मुलाच्या पुस्तकात त्याच्याइतकेच रमतात. प्रश्न दुसऱ्या घरांचा आहे, आणि ती घरे अधिक आहेत. बालवर्गात चित्रांची पुस्तके असतात, तोवर आई बरोबर बसते. तिसरी-चौथीत परिसर अभ्यासाचे धडे लांबतात, आणि एके दिवशी मूल म्हणते, "तुला नाही येणार." त्यानंतर वही शिकवणीच्या बाईंपुढे उघडते. आईकडे राहते ते डबा भरणे आणि "अभ्यास झाला का?" हा एकच प्रश्न विचारणे. मूल त्याचे एकाच शब्दात उत्तर देते.

याचे एक उदाहरण घेणे योग्य होईल, कारण ते कित्येक घरांत घडते. शिवणकाम करणारी स्त्री दिवसभर अपूर्णांकांत वावरत असते. पाऊण मीटर अस्तर, सव्वा दोन मीटर कापड, पन्हा कमी असल्यास आणखी किती, दीड इंच दुमड सोडल्यावर उरले किती, हे हिशेब ती कागदाविना करते. तिचा मुलगा शाळेत 'थ्री बाय फोर' शिकतो. तो तीन चतुर्थांश म्हणजे आईच्या हातातील पाऊण मीटर आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. अपूर्णांक त्याला अवघड जातात. आईला गणित येत नाही असे तो समजतो, आणि पुढे तीही तसेच समजू लागते. घरात चालतेबोलते गणित असताना त्या विषयाची शिकवणी लावली जाते.

जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केली होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज तो येणारी व्यक्ती भेटली, तर तिला व्यासपीठावर बसवावे. ते पाढे जसेच्या तसे परत आणावेत, असे येथे सुचवायचे नाही. घोकंपट्टीत त्या काळी मुलांचे हालही पुष्कळ झाले. पण पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या शब्दांनी अपूर्णांक मराठी मुलाच्या तोंडी शाळेच्या आधीच येऊन बसतो, ही सोय गमावण्याजोगी नाही. दुधाच्या हिशेबात, भाजीच्या पिशवीत, घड्याळाच्या काट्यात ती जागोजाग भेटते.

संख्यावाचनाचेही तसेच. 2019 साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन आले आणि मोठा वाद उसळला. टीकाकारांना भाषेची मोडतोड दिसली. मुलांची अडचण मात्र खरी होती: 'तेवीस' म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी लिहावे लागतात, म्हणून कित्येक मुले बत्तीस लिहितात. दोन्ही बाजूंत तथ्य होते. एवढे मात्र कोणत्याही प्राथमिक शिक्षिकेच्या अनुभवाचे आहे, की ज्या मुलाने घरी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या आहेत, बसचे क्रमांक वाचले आहेत, बाजारात सुटे पैसे परत घेतले आहेत, त्याला तेवीस आणि बत्तीस यांतील गोंधळ फार दिवस छळत नाही. 'एकोणसाठ म्हणजे किती?' असे विचारणारी मुले आता मराठी घरांत सर्रास भेटतात आणि मोठी माणसे 'फिफ्टी नाइन' असे सांगून मोकळी होतात. साठाला एक उणा, हे सांगण्यास किती वेळ लागतो? बडोद्यात तर एकोणसाठ समजलेल्या मुलाला भाजीवाल्याचा 'ओगणसाठ' आपोआप समजतो. मराठीमुळे मूल येथल्या समाजापासून तुटेल, अशी भीती बोलून दाखविली जाते. बाजारातला अनुभव त्याच्या उलट आहे. शिरोरेखेची देवनागरी ज्याला पक्की येते, तो शिरोरेखा नसलेली गुजराती लिपी थोड्याच दिवसांत वाचू लागतो.

मराठी माध्यमात घातले म्हणजे पालकांचे काम संपले, असा समज करून घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आपल्या भाषेतील शाळेने आईसाठी दार उघडे ठेवले, तरी आत तिने स्वतः यावे लागते. आणि 'आई' असे वारंवार म्हटले जाते, कारण पालकसभेस येतात त्या बहुतेक आयाच. वडिलांची भेट प्रामुख्याने दाखल्याच्या वेळी आणि गुणांच्या तक्रारीच्या वेळी होते. गिजुभाई वकील होते, त्यांनाही पक्षकार होते, तारखा होत्या.

पालकाने घरी दुसरा शिक्षक व्हावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. धडे शिकवणे हे शाळेचे काम आहे आणि त्याचे वेतन शाळेतील माणसांना मिळते. प्रकल्पाच्या नावाखाली रात्री अकरापर्यंत थर्माकोल कापणारे वडील मुलाचे काहीही भले करीत नाहीत. स्टेशनरीच्या दुकानातून तयार ज्वालामुखी विकत आणणारे तर त्याहून नाही. पालकाकडे शाळेजवळ नसलेल्या गोष्टी आहेत. घरची बोली, नात्यांच्या गोष्टी, स्वयंपाक, दुरुस्ती, व्यवहार यांचे ज्ञान, एका मुलाकडे पाहण्यासाठी असलेले दोन डोळे. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षिकेला तेवढी सवड कोठली? मूल कशाने थांबते, कोठे अडते, कोणत्या वेळी त्याचे मन ताजे असते, हे आईवडील सांगतील तेव्हाच शाळेला कळते. पंधरा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून एखादे पुस्तक, निदान वर्तमानपत्रातील एखादी बातमी, मुलाबरोबर मोठ्याने वाचली, तर भाषेच्या विषयाला अन्य उपाय क्वचितच लागतो. आणि ज्यांची मुले इंग्रजी माध्यमात आहेत, त्यांनाही हे सारे खुले आहे. शाळेत विज्ञान कोणत्याही भाषेत शिकले, तरी पुरी तेलात का फुगते याची चर्चा स्वयंपाकघरात मराठीतून होऊ शकते. मराठी वाचायला शिकण्यासाठी दाखला बदलावा लागत नाही.

शाळांचेही काही देणे लागते. आईवडिलांना केवळ तक्रारीसाठी बोलाविणारी शाळा त्यांच्याकडून सहभागाची आशा करू शकत नाही. दुपारी तीन वाजता सभा ठेवल्यास रोजंदारीवरील आईचा अर्ध्या दिवसाचा पगार बुडतो. घरचा अभ्यास असा असावा, की जो मोठ्यांच्या मदतीवाचून मुलाला करता येईल आणि मोठ्यांशी बोलल्याने अधिक रंगेल. परिपत्रके सरकारी मराठीत लिहिली, तर ती इंग्रजीहूनही दुर्बोध होतात. आणि इंग्रजी हा विषय पहिलीपासून उत्तम शिकविणे, मुलांना ती भाषा निर्भयपणे बोलता येईल असे करणे, ही मराठी शाळेची दुप्पट जबाबदारी आहे. पालकांच्या मनातील घालमेलीला दुसरे उत्तर नाही. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. धोरणाचा आधार चांगलाच. पण पालक धोरण वाचून शाळा निवडीत नाहीत, शेजारच्या मुलाचे इंग्रजी ऐकून निवडतात.

येत्या जूनपासून शाळेत महिन्यातील एक शनिवार पालकांसाठी राखून ठेवला आहे. त्या सकाळी एक पालक किंवा आजी-आजोबा वर्गात येतील आणि आपल्या कामातील काहीतरी मुलांना दाखवतील: कापड बेतणे, रिक्षाचे भाडे मोजणे, रोप लावणे, बँकेची पावती भरणे. त्या वेळी शिक्षिका मागच्या बाकावर बसून टिपणे घेतील आणि पुढच्या आठवड्याचे गणित, भाषा, परिसर अभ्यास त्यांतून विणतील. मुले अन्य शाळांत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनीही यावे, मुलांना घेऊन यावे. नावनोंदणीची वही बाहेरच्या टेबलावर, स्मरणिकेच्या प्रतींशेजारी ठेवली आहे. तिच्यात सहीचा रकाना नाही, 'काय दाखवणार?' एवढा एकच रकाना आहे. पहिल्या शनिवारी एका आजींचे नाव आहे. त्या पुरणपोळीचे प्रमाण सांगणार आहेत, आणि त्यांना औटकी येते.